पुलीवर ओतलेला पत्ता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत फुकटात आणि अर्ध्या तासात वेबसाइट कशी बनवावी, यावर लेख आला होता. छोट्या धंदेवाल्यांसाठी होता, म्हणजे माझ्यासाठीच. लेख चांगल्या मनानं लिहिलाय. पण त्यात एक घोळ आहे, आणि त्याच जातीचा घोळ मला एकदा महागात पडलाय, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय. कात्री लावायचीच झाली तर पॅटर्नच्या गोष्टीला लावू नका, एवढी विनंती.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवतो. दोन कारागीर, एक हेल्पर आणि मी. बिडाच्या पुल्या, पंपाचे बुश आणि स्लीव्ह, गुऱ्हाळाच्या चरकाचे सुटे भाग, असं आमचं काम. कास्टिंग बाहेरून ओतून आणतो, टर्निंग-बोअरिंग आमच्याकडं.

आधी घोळाचं सांगतो. लेखात म्हटलंय, ‘वर्डप्रेस फुकट आहे आणि त्यात हवं ते करता येतं.’ वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं साधन. पण या नावाच्या वस्तू दोन आहेत. एक नुसता प्रोग्राम. २००३ साली निघाला. कुणीही उतरवून घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, पैसे पडत नाहीत. जगातल्या दहातल्या चार साइट्स त्याच्यावर चालतात. पण तो ठेवायला सर्व्हरवर जागा आपण भाड्यानं घ्यायची, पत्ता म्हणजे डोमेन आपण घ्यायचं आणि निगा आपण राखायची. ही वर्डप्रेस डॉट ऑर्गची वाट. दुसरी वस्तू वर्डप्रेस डॉट कॉम, ती ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीची सेवा, २००५ पासूनची. खातं उघडलं की सगळं त्यांच्या घरात. फुकटच्या योजनेत आपल्या नावामागं त्यांच्या नावाचं शेपूट लागतं, पानावर जाहिराती त्यांच्या येतात, प्लगइन, म्हणजे जादा सोयींचे जोड-प्रोग्राम, घालता येत नाहीत. लेखातली चित्रं डॉट कॉमची होती आणि गुणगान डॉट ऑर्गचं. सगळं ‘फुकट’ हे डॉट कॉमबद्दल खरं, ‘हवं ते करता येतं’ हे डॉट ऑर्गबद्दल.

आणखी एक. स्वतःचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला अशी आपली भाड्याची जागा, म्हटलं की लोकांना वाटतं कारखान्यातला कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवायचा. शेजारच्या गाळ्यातल्या मित्रानं मला विचारलंच होतं, “मग लाइट गेल्यावर काय करतोस रं?” तसं नसतं. जागा कुठल्या तरी लांबच्या डेटा सेंटरमध्ये असते, चावी आपल्याकडं असते, एवढंच. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा महामार्गावर आली, ट्रान्सपोर्ट बंद, माल पॅक होऊन दारात पडलेला. आणि साइट मात्र कुठंतरी कोरड्यात बसून ‘त्याच दिवशी माल रवाना’ असं सांगत होती.

आता माझी कथा.

२०१२ला एका ओळखीच्याच्या भाच्यानं साइट करून दिली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. बारा हजार घेतले. त्यानं डॉट ऑर्गवालं वर्डप्रेस टाकलं, जागा घेतली, डोमेन घेतलं. पुल्यांचे फोटो आम्ही जुन्या पेपरवर मांडून काढले होते, एका फोटोत पुलीच्या बोअरमधून शिरोळच्या बाजारभावाची बातमी दिसायची. पण राजकोटची पहिली ऑर्डर त्याच साइटवरून आली. मी खूश. इतका खूश, की पॅटर्नवर साइटचा पत्ता बसवायचं ठरवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कास्टिंग ओतायच्या आधी लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पॅटर्न लागतो. तो वाळूत दाबायचा, काढायचा, उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. पॅटर्नवर जे उठलेलं असेल ते प्रत्येक कास्टिंगवर उठणार. आमचा पॅटर्नमेकर म्हातारा माणूस, सागवानात काम करणारा. चहाच्या डब्यात इंग्रजी पितळी अक्षरं ठेवतो. त्यानं ती तीन खाचांच्या पुलीच्या चकतीवर गोलाकार मांडली, चिकटवली, बारीक तारेनं पक्की केली. टिंबाचं अक्षर डब्यात नव्हतं. मग त्यानं गोल डोक्याची एक चूक ठोकली आणि म्हणाला, “झाला तुमचा डॉट.” पहिली हीट, म्हणजे ओतकामाची पहिली खेप, निघाली, वाळू झाडली, शॉट ब्लास्टिंग झालं, आणि प्रत्येक पुलीवर पत्ता उठून आलेला. बायकोला दाखवायला मी एक पुली स्कूटरवरून घरी नेली. अकरा किलोची.

चूक ठोकली होती ती खिळ्यातली. दुसरी चूक कळायला तीन वर्षं गेली.

झालं असं, की पोराला पुण्यात नोकरी लागली. त्याचा दोष म्हणत नाही, पोरांनी जायलाच पाहिजे. पण साइटकडं बघायला कुणी उरलं नाही. वर्डप्रेस, त्याची थीम (साइट दिसते कशी तो साचा), त्याचे प्लगइन, सगळ्यांना अधूनमधून अपडेट लागतात, कारण त्यांच्यात भोकं सापडत असतात आणि ती बुजवावी लागतात. साइट चालवायच्या पानावर, म्हणजे डॅशबोर्डवर, तांबड्या गोलात आकडा येतो, इतके अपडेट बाकी आहेत म्हणून. आमच्याकडं तो १७ झाला होता. मी दर आठवड्याला बघायचो. मला वाटायचं आलेल्या मेसेजांचा आकडा असेल. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ला धोका, हे कोल्हापूरच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. ३९ ऐकलं की आपण धान्याची पोती माळ्यावर टाकतो. इथं इशारा डोळ्यांसमोर होता आणि मी त्याच्याकडं बघून खूश होत होतो.

मग निपाणीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. “मालक, तुमच्या साइटवर जुगार सुरू झालाय.” मी उघडून बघतो तर सगळं ठीक. त्याला वाटलं मी लपवतोय. नंतर समजलं की अशी कीड मालकाला दिसू नये अशीच लावलेली असते. सर्चमधून, मोबाइलवरून येणाऱ्यालाच ती दुसरीकडं पळवते. पुढं सर्चमध्ये आमच्या नावाखाली ‘ही साइट हॅक झालेली असू शकते’ अशी ओळ यायला लागली. ज्याला दाखवलं त्यानं सांगितलं, विकतची थीम पोरानं कुठूनतरी फुकट उतरवून घातलीय, चोरीची; तिच्यातच मागचं दार ठेवलेलं होतं. बारा हजारांत मी तरी काय विचारलं होतं? दिसायला झ्याक होती.

साफ करायची म्हटलं तर पासवर्ड पोराकडं. पोरगा एव्हाना परदेशात. त्यातच डोमेनची मुदत संपली. डोमेन त्याच्या नावावर, नूतनीकरणाच्या आठवणी त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि तो ईमेल कॉलेजनं बंद केलेला. शेवटी ‘.com’ असलेलं डोमेन मुदत संपल्यासंपल्या जात नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आधी काही दिवस साध्या पैशात परत मिळतं, मग तीस दिवस दंड भरून मिळतं, मग पाच दिवस टांगणीवर, आणि मग बाजारात मोकळं. इतकी दारं असतात. मला पत्ता लागला तेव्हा सगळी बंद झाली होती. कुणीतरी ते उचललं होतं आणि डॉलरमध्ये किंमत लावली होती. माझं स्वतःचं नाव, मला विकायला.

पॅटर्नमेकरनं पटाशीनं पितळी अक्षरं एकेक करून उचकटली. बोलला काही नाही. टिंबाची चूक मात्र निघेना, म्हणून ती तशीच राहिली. मग कित्येक दिवस आमच्या पुलीवर एक एकटं टिंब यायचं. नवी गिऱ्हाइकं विचारायची, ही कसली खूण?

दुसऱ्या वेळेला मी कानाला खडा लावला आणि होस्टेड प्लॅटफॉर्म घेतला, म्हणजे साइट सगळी कंपनीच्या घरात ठेवायची. परदेशी, महिन्याला पैसे, सगळी जबाबदारी त्यांची. खरं सांगतो, झोप लागायला लागली. अपडेट नाही, तांबडा आकडा नाही, पत्त्यापुढचं सुरक्षेचं कुलूप त्यांचं ते लावतात. चित्र ओढायचं, सोडायचं. आमच्या धाकटीनं चार संध्याकाळी बसून सगळी साइट उभी केली.

मग बारीकसारीक सुरू झालं. त्यांचे साचे इंग्रजी अक्षरांच्या मापानं बनवलेले. बटणावर मराठी लिहिलं की खालचा उकार कापला जायचा. ‘पुली’ची ‘पली’ झाली आणि ‘बुश’चा ‘बश’. ‘सुटे भाग’ या पानाचं नाव ‘सटे भाग’. स्वतःच्या जागेतली साइट असती तर ओळीची उंची एका आकड्यानं वाढवून प्रश्न मिटला असता. धाकटीनं ते मला करून दाखवलं, दुसऱ्या एका साइटवर, पाच मिनिटांत. इथं त्या साच्यात तेवढ्या आकड्याला हात लावता येत नव्हता. मदतवाल्यांना लिहिलं, उत्तर फार अदबीनं आलं, उकार आला नाही. शेवटी तिनं बटणांवर इंग्रजी केलं. मला ते लागलं. चंदगडच्या शेतकऱ्याला बुश पाहिजे असतो, तो काय इंग्रजी बटण शोधणार?

त्यात १ ऑक्टोबर २०२१ उजाडला. कार्डावरून दरमहा आपोआप जाणाऱ्या पैशांना रिझर्व्ह बँकेनं नवा नियम लावला : आधी कळवायचं, ग्राहकाची मंजुरी घ्यायची, पाच हजारांच्या वर असेल तर दरवेळी ओटीपी. (ती मर्यादा पुढच्या वर्षी पंधरा हजार झाली.) नियम आपल्याच भल्याचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या परदेशी कंपनीची व्यवस्था त्यात बसेना. माझं कार्ड दोनदा नाकारलं गेलं, ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडले, आणि ऐन दसऱ्याच्या आधी साइटच्या जागी एक पांढरं पान आलं. पैसे होते, द्यायची इच्छा होती, घ्यायला कुणी नव्हतं.

सोडायचं ठरवलं तर सामान हलेना. मालाची यादी, नग, किमती एका फाईलमध्ये निघाल्या. पानं, मांडणी, गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय, ते सगळं तिथंच. धाकटी म्हणाली, “पप्पा, हे भाड्याच्या घरात फरशी बसवल्यासारखं झालं.”

मला मात्र दुसरंच आठवलं. फौंड्रीत, म्हणजे ओतकाम होतं तिथं, पॅटर्न आपला असतो, पण पडून असतो त्यांच्या माळ्यावर. संबंध बरे असेपर्यंत कुणी विचारत नाही. दर वाढले, बोलाचाली झाली, दुसरीकडं ओतायचं ठरलं की मग पॅटर्न मागायला जायचं, आणि मग ‘उद्या या’, ‘सापडत नाही’, ‘हिशेब पूर्ण करा’. उद्यमनगरात वीस वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा. म्हणून जुने लोक पॅटर्नवर नाव कोरतात, त्याची नोंद वहीत ठेवतात आणि महत्त्वाच्या पॅटर्नचा जोड घरी ठेवतात. फौंड्री बदलते, चालायचंच. मी पॅटर्नच्या बाबतीत इतका काटेकोर, आणि साइटच्या बाबतीत दोन्ही वेळा पॅटर्न दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवून आलो. पहिल्या वेळी डोमेन पोराच्या नावावर, दुसऱ्या वेळी मजकूर कंपनीच्या पोटात.

होस्टेड की सेल्फ-होस्टेड, म्हणजे कंपनीच्या घरात की स्वतःच्या जागेत, हा वाद आमच्यासारख्यांना नंतरचा. आपल्या लेखात मात्र डोमेन हा शब्द फक्त एकदा आलाय, तोही कंसात. ‘सुरुवातीला नाही घेतलं तरी चालेल’ म्हणे. नाही चालत. फुकटच्या शेपटीवाला पत्ता एकदा बिलावर, गाडीवर, गिऱ्हाइकाच्या वहीत गेला की परत गोळा करता येत नाही. याहूची जिओसिटीज एके काळी लोकांच्या घरच्या पानांनी गजबजलेली होती, २००९ला बंद. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून छोट्या दुकानांना एका मिनिटात फुकट साइट मिळायची. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद झाल्या, जूनपर्यंत जुन्या पत्त्यावरून प्रोफाइलकडं वळवलं, मग तेही थांबलं. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसरीकडं फिरवलं. बाकीच्यांची व्हिजिटिंग कार्डं उरली.

मग मी आता काय केलं? डोमेन फर्मच्या नावावर घेतलं, पाच वर्षांचे पैसे एकदम भरून. बिल जीएसटी नंबरसह, ईमेल कारखान्याचा, मोबाइल माझा. खात्यात मालकाच्या जागी कुणाचं नाव आहे ते धाकटीनं स्क्रीनवर बोट ठेवून मला वाचायला लावलं. साइट परत होस्टेडवरच ठेवली, पण या वेळी यूपीआयनं वर्षाचे पैसे घेणाऱ्याकडं, आणि घ्यायच्या आधी दोन गोष्टी करून बघितल्या : बटणावर ‘पुली’ लिहून, आणि चार पानं चढवून ती परत बाहेर काढून. दुकानात बूट घालून बघतो तसं. मजकूर, फोटो, ड्रॉइंग यांची एक प्रत कारखान्यात, एक घरी, एक गडहिंग्लजला मेहुण्याकडं. मेहुणा हसतो. त्याला मी फ्रान्समधलं सांगितलं. १० मार्च २०२१ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांच्याकडं काही उरलं नाही. दोन्ही पॅटर्न एकाच माळ्यावर.

परत सेल्फ-होस्टेडवर का नाही गेलो, असं धाकटीच विचारते. तिला ते येतं, आवडतं. पण उद्या ती तिच्या संसाराला जाईल, तिलाही पुण्याला नोकरी लागेल, आणि मी परत तांबड्या आकड्याकडं बघत बसणार. मशीन विकत घेणं सोपं असतं, त्याला रोज तेल घालणारा माणूस टिकवणं अवघड. जागेचं भाडं तर पहिल्या वर्षी मला १,९०० सांगितलं आणि नूतनीकरणाचा दर विचारला तेव्हा ६,४०० अधिक १८ टक्के जीएसटी. ते बारीक अक्षरात होतं. चार माणसांच्या कारखान्याला भाड्याचा गाळाच बरा, असं माझं मत झालंय. धाकटीचं झालेलं नाही. जेवताना यावर वाद चालू असतो.

पण हे सगळ्यांना लागू करू नका. आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. ज्या संस्थेचं वय पावणेदोनशे वर्षांच्या घरात जातं, किंवा एखाद्या तालमीनं शंभर वर्षांचे फोटो आणि कुस्त्यांच्या नोंदी जपल्यात, तिनं त्या कालपरवाच्या कंपनीच्या साच्यात ओतू नयेत. तिथं स्वतःची जागा, खुला प्रोग्राम, आणि निगा राखायला एक नाही, दोन माणसं, पगार देऊन. सदस्यांतला एखादा हौशी पोरगा नाही. त्या पोराचं लग्न ठरलं की संस्थेची साइट बंद पडते.

देवनागरी पत्त्याचंही मनात होतं. डॉट भारत २०१४ पासून मिळतंय. हौसेनं विचारही केला, पण राजकोटच्या पार्टीला तो टाइप करता येईना, आणि पॅटर्नमेकरच्या डब्यात देवनागरी पितळी अक्षरं नाहीत. शिरोरेषा कशी जोडायची, यावर मात्र तो दोन दिवस विचार करत होता.

नवा पत्ता पॅटर्नवर चढवायला गेलो तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “मालक, या वेळंला नक्की? न्हाईतर परत उचकटायला येशीला.” मी डोमेनची पावती दाखवली. त्यानं नाव वाचलं, मुदतीचं साल वाचलं, आणि अक्षरांचा डबा खाली काढला. टिंबाला नवी चूक लागली नाही. जुनीच होती तिथं, तिच्या दोन्ही बाजूंनी अक्षरं जुळवून घेतली.

आपल्या अंकामार्फत एक सूचना द्यायची आहे, जागा असेल तर छापावी. २०१२ ते २०१५ या काळात आमच्याकडून गेलेल्या साडेसहाशे-सातशे पुल्या गुऱ्हाळांवर, पंपांवर, पिठाच्या गिरण्यांवर फिरत असतील. त्यांच्यावरचा पत्ता मोबाइलवर टाकून बघू नका, तिथं आता भलतंच काहीतरी आहे. पुली चांगली आहे. चालू द्या.

आपला,
एक लेथवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर